निब बदलून मिळेल

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. पहिलीपासून दहावीपर्यंत इंग्लिश मीडियम. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख द्यायचा म्हटल्यावर रूममेटने आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि मगच हे कागद पुढे गेले. तेव्हा उरलेल्या चुका तिच्या!

विषय आहे शाईच्या पेनचा, आणि साताऱ्यातल्या एका दुकानाचा. हे दुकान आता नाही.

मोती चौकाच्या जवळ, पेढ्यांच्या दुकानांच्या ओळीत, एका जिन्याखाली ते होतं. दुकान कसलं, एक माणूस आत बसला की गिऱ्हाईकाने रस्त्यावर उभं राहायचं, एवढीच जागा. पुढे काचेचा शोकेस, मागे शाईच्या बाटल्या आणि वर हाताने रंगवलेली पाटी: ‘सर्व प्रकारचे पेन दुरुस्त होतील. निब बदलून मिळेल.’ दुकानाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आता नाव कशाला छापतेस? कुणी शोधत आलंच तर परत पाठवायला तरी कोण बसलंय तिथं?"

आमच्या शाळेत पाचवीपासून शाईचं पेन कम्पल्सरी होतं. सिस्टरांचं म्हणणं, बॉलपेनने अक्षर बिघडतं. त्यामुळे दर जून महिन्यात नवी वह्या-पुस्तकं, नवा रेनकोट आणि काकांकडचं पेन हे ठरलेलं. पेन दिल्यावर काका लगेच पैसे घ्यायचे नाहीत. आधी कागद पुढे करायचे आणि म्हणायचे, "नाव लिही." आपण लिहायचो. ते अक्षराकडे नाही, हाताकडे बघायचे. मग पेन परत घेऊन, डोळ्याला भिंग लावून, निबला काहीतरी करायचे आणि पुन्हा, "आता लिही." दुसऱ्या वेळी पेन असं पळायचं की आपलंच अक्षर आपल्याला चांगलं वाटायला लागायचं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांचं पेन घेऊन गेले, तर शटर खाली आणि पाटी काढलेली. शेजारच्या पेढेवाल्यांनी सांगितलं, "झाले की दोन महिने."

आजोबा शिक्षक होते. एबोनाइटचं, जाड, काळं पेन. ते आता नाहीत, पेन आहे. पण ते लिहीत नव्हतं.

घरी आल्यावर डोक्यात एकच प्रश्न. दुकान बंद झालं म्हणजे नेमकं बंद काय झालं? पेन मोबाईलवर मागवता येतं. शाईची बाटली अजून मिळते. मग मला एवढं हरवल्यासारखं का वाटतंय? याचं उत्तर शोधायला पेनच्या पोटात शिरावं लागतं. चला तर मग.

दोन भोकांचा डबा

तेलाचा पत्र्याचा डबा आई कसा फोडते ते आठवा. एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत, थांबत थांबत येतं. म्हणून समोर दुसरं भोक पाडतात. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. शाईच्या पेनचं सगळं इंजिनिअरिंग या दुसऱ्या भोकात आहे.

पेनच्या नळीतून शाई बाहेर गेली की आत तेवढी जागा रिकामी होते आणि दाब कमी होतो. हवा आत आली नाही तर थोड्या वेळाने शाई अडते. हवा फार सहज आली तर शाई भळभळ वाहते. हे दोन्ही सांभाळायचं काम निबखालचा काळा भाग करतो. पुस्तकात त्याला फीड म्हणतात, काका ‘जीभ’ म्हणायचे. जिभेवर लांबीला बारीक खाचा असतात, त्यातून शाई खाली येते आणि हवा वर जाते. आडव्या पट्ट्यांच्या फटी असतात, त्या जास्तीची शाई धरून ठेवतात. हे सगळं एका दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यात!

१८८४ साली अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी पेटंट घेतलं ते याच जिभेचं. शाई साठवणारं पेन त्याआधीही होतं. पण ते कधी अडेल आणि कधी डाग पाडेल याचा भरवसा नव्हता. भरवसा आला तो या खाचांमुळे.

आता निब. तिच्या मधोमध चीर असते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण केशाकर्षण शिकलो, म्हणजे कॅपिलरी ॲक्शन. फट जितकी अरुंद, तितकं द्रव जास्त जोराने ओढलं जातं. निबची चीर भोकाकडे किंचित रुंद आणि टोकाकडे अरुंद असते. म्हणून शाई आपोआप टोकाशी येऊन थांबते. टोक कागदाला टेकलं की कागदाचे धागे म्हणजे आणखी बारीक फटी, त्या शाई ओढून घेतात. म्हणूनच शाईचं पेन दाबावं लागत नाही. आपण दाबून लिहितो ती बॉलपेनची सवय.

आणि निबच्या अगदी टोकाला एक बारीक मणी असतो. स्टीलचं टोक कागदावर घासून झिजेल, म्हणून इरिडियम, ऑस्मियम, रुथेनियम अशा गटातल्या कठीण धातूंचा मिश्रधातू तिथे वेल्ड करतात आणि मग त्या मण्यातूनच चीर कापतात. चीर कापल्यावर मण्याचे दोन अर्धे होतात. पेन चांगलं की वाईट हे या दोन अर्ध्यांवर ठरतं. पेन एकदा फरशीवर पडलं की एक अर्धं वर, एक खाली. फरक डोळ्याला दिसत नाही, पण कागद लगेच चावायला लागतो.

उथळ पाण्याला खळखळाट

आपल्याकडची जुनी पेनं बहुतेक ड्रॉपरने शाई भरायची. आत रबरी पिशवी नाही, पिस्टन नाही. अख्खी नळी हीच टाकी. शाई भरपूर मावते आणि बिघडायला आत काही नाही. पण एक खोड आहे. पेन भरलेलं असताना शहाण्यासारखं वागतं आणि शाई संपत आली की नेमका ओळीच्या मध्यावर थेंब टाकतं. शाळेत आम्हाला वाटायचं पेन खराब आहे.

गणित करून बघा. समजा नळीत ३ मिली शाई मावते. शाई संपत आलीय, म्हणजे आत २.५ मिली हवा आहे. खोलीत २५ अंश, आणि हातात धरून धरून नळी झाली ३५ अंश. केल्विनमध्ये २९८ वरून ३०८. हवा साधारण ३.४ टक्के फुगते, म्हणजे सुमारे ०.०८ मिली. ती तेवढीच शाई खाली ढकलते. एक थेंब अंदाजे ०.०५ मिलीचा धरला तर दीड थेंब शाई जिभेवर येऊन आदळली. जिभेच्या फटींना पेललं तर ठीक, नाहीतर जर्नलवर डाग!

आता हेच पेन भरलेलं असेल आणि आत फक्त ०.५ मिली हवा असेल, तर ढकललेली शाई जेमतेम थेंबाचा तिसरा हिस्सा होते. जीभ ती सहज धरून ठेवते. म्हणून काका सांगायचे, "अर्ध्यावर आलं की भरून टाक, संपायची वाट बघू नको." उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण पेनलाही लागू होते, हे मला सेकंड इयरला कळलं. काकांना कुठलंच इयर न करता माहीत होतं.

स्वदेशी शाई

हा धंदा आपल्याकडे उभा राहिला तो स्वातंत्र्याच्या चळवळीच्या काळात. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे भाऊ यांनी शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली. छाप होता घोड्याचा. पुढे घोड्याच्या जागी उंट आला. ‘कॅमल’ आणि ‘इंक’ मिळून कॅमलिन. आपल्या कंपासपेटीवर दिसणारी हीच ती कंपनी. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला.

आंध्रातल्या राजमुंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी पूर्ण स्वदेशी पेन बनवून गांधीजींना पाठवलं. गांधीजींनी १९३५ च्या जुलैमध्ये वर्ध्याहून पत्र लिहून त्यांचे आभार मानले. बंगालमध्ये १९३४ साली सुलेखा शाई सुरू झाली. म्हणजे शाईचं पेन परदेशी साहेबाच्या खिशातून उतरून आपल्या मास्तरांच्या, कारकुनांच्या खिशात आलं ते या पिढीमुळे. आणि गावोगावी पेन पोचल्यावर ते दुरुस्त करणारेही आले. आमचे काका त्या साखळीची शेवटची कडी.

मग बॉलपेन आलं. हंगेरीतले पत्रकार लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. छापखान्याची शाई पटकन वाळते, तशी शाई पेनमध्ये वापरायची म्हणून टोकाला फिरणारी गोळी. उलटं धरा, खिशात कसंही ठेवा, गळत नाही. कार्बन कॉपी निघते. १९८४ मध्ये जपानी साकुरा कंपनीने जेल शाई आणली, मग शाईसारखं गडद आणि बॉलपेनसारखं बिनकटकटीचं असंही पेन मिळायला लागलं. खरं सांगायचं तर सबमिशनच्या आदल्या रात्री मीसुद्धा जेल पेनच उचलते. उगाच खोटं कशाला बोलू?

म्हणजे दोष द्यायचा तर एकट्या बॉलपेनला देता येत नाही. ते खरोखर सोयीचं आहे.

काकांचा हिशोब

पेढेवाल्यांकडून पत्ता घेऊन मी काकांच्या घरी गेले. वाटलं होतं, वाईट वाटून घेतलेले भेटतील. ते पाटावर बसून शेंगा सोलत होते. म्हणाले, "ये की. पेन आणलंयस ना? मला वाटलंच."

दुकान का बंद केलं, विचारलं. त्यांनी भावनेचं काही सांगितलं नाही, हिशोब सांगितला. तो माझ्या शब्दांत असा. निब बसवायचे वीस रुपये. नीट बसवायची, शाई भरून चार ओळी लिहून बघायच्या, तर पंधरा मिनिटं जातात. तासाला चार पेनं, ऐंशी रुपये. तेही चारही गिऱ्हाईकं लागोपाठ आली तर. मजुरी वाढवावी म्हटलं तर समोर पाच-दहा रुपयांत नवं बॉलपेन मिळतं. जी वस्तू दुरुस्तीपेक्षा स्वस्त, तिला दुरुस्त कोण करणार?

पूर्वी हा तोटा विक्रीतून भरून निघायचा. नवी पेनं, शाई, शाळांचा जून महिना. मग शाळांनी सक्ती सोडली. ज्यांना हौस आहे ते दुकानात येऊन पेन हातात घेऊन बघायचे, मॉडेलचं नाव फोटोत काढायचे आणि घरी जाऊन मोबाईलवरून मागवायचे. बिघडलं की मात्र काकांकडे! २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळाच ऑनलाइन गेल्या आणि लागोपाठ दोन जून महिने कोरडे गेले. काका म्हणाले, "तवा कळलं, आपलं दुकान जून महिन्यावर चालतंय."

हे फक्त पेनचं नाही. मुंबईत फोर्टमधला स्ट्रँड बुक स्टॉल टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये सुरू केला होता, तो २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झाला. पुस्तकं काय, आजही सगळीकडे मिळतात. पण अशा दुकानात मिळणारी दुसरी वस्तू, म्हणजे आपल्याकडे बघून ‘तुला हे नको, ते घे’ म्हणणारा माणूस, तो पार्सलने येत नाही.

सांगलीची पायपीट

सुट्टी संपवून एस.टी.ने सांगलीला परत आले तेव्हा वाटलं, इथे एवढं मोठं मार्केट, एखादं दुकान असेलच. एका रविवारी मैत्रिणीला घेऊन हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ पालथी घातली. स्टेशनरीची दुकानं भरपूर. शाईची बाटली मिळाली. नवी पेनंही दोन-तीन ठिकाणी मिळाली. पण "याची निब बदलून द्याल का?" म्हटलं की दुकानदार माझ्याकडे मी एस.टी.च्या काळातली बैलगाडी मागितल्यासारखं बघायचे.

एका दुकानदारांनी मात्र बसवून घेतलं. म्हणाले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. होस्टेलवरच्या स्टाफला तो आठवत असेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांवर. बाजारपेठेत दुकानं बुडाली. त्यांच्या दुकानात वह्या, कागद, शाईचे खोके, पेनचे कप्पे, सगळं गाळात. "पाणी उतरल्यावर वह्या पुन्हा भरल्या, कॅल्क्युलेटर भरले. निबांचा कप्पा भरायची वेळ आली तेव्हा म्हटलं, राहू दे."

मला तेव्हा काहीतरी कळलं. महापुराने तो कप्पा रिकामा केला, पण संपवला नाही. संपला तो ‘राहू दे’ म्हटल्यावर. आणि ‘राहू दे’ फक्त दुकानदार म्हणत नाहीत.

दहावीच्या सुट्टीत काका मला म्हणाले होते, "दुपारी येऊन बसत जा, शिकवतो तुला निब बसवायला." मी म्हटलं, ॲडमिशन होऊ दे. मग बारावी होऊ दे. मग सेमिस्टर संपू दे. कुणाला तरी शिकवायची त्यांची तयारी होती, शिकायला कुणी गेलं नाही. त्या ‘कुणी’मध्ये मी पहिली.

शिकवणी

म्हणून दिवाळीतल्या त्या दोन दुपारी माझ्यासाठी फार मोठ्या आहेत. काकांनी आजोबांचं पेन उघडलं. आत शाई वाळून दगड झाली होती. आधी साध्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवलं. दुसऱ्या दिवशी निब आणि जीभ ओढून काढली, चीर पितळेच्या कागदासारख्या पातळ पट्टीने साफ केली. मग भिंगातून दाखवलं, मण्याचं एक अर्धं वर आलेलं. अंगठ्याच्या नखाने त्यांनी ते दाबलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "आता तू."

"किती दाबायचं, काका?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

ते हसले. म्हणाले, "आवाज आला तर जास्त झालं. त्याच्या आधी थांबायचं."

मित्रांनो, आपण ड्रॉइंग काढतो, त्यावर टॉलरन्स लिहितो. निबचं ड्रॉइंग निघेल. जिभेच्या खाचांची मापंही घेता येतील. पण ‘त्याच्या आधी थांबायचं’ हे कुठल्या शीटवर लिहिणार? ते एका बोटातून दुसऱ्या बोटातच जातं, आणि दोघांनी शेजारी बसल्याशिवाय जात नाही. साताऱ्यात बंद झालं ते हे. पेन विकायची जागा बंद झाली असती तर मी लेख लिहिला नसता.

मी पहिल्या खेपेला एक निब मोडली. दुसरी फार घासली, इतकी गुळगुळीत झाली की पहिल्या टेकणीला शाईच उमटेना. तिसरी बरी जमली. निघताना काकांनी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात पितळेची पट्टी, अगदी बारीक पॉलिश पेपर, बारा निबा आणि ते भिंग घालून दिलं. भिंग नको म्हटलं, तर म्हणाले, "मी आता शेंगा सोलतो. त्याला भिंग लागत नाही."

तुमच्या पेनसाठी

ज्यांच्याकडे घरचं एखादं जुनं पेन पडून आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. एक, बंद पेन फेकू नका. बहुतेक वेळा ते बिघडलेलं नसतं, शाई वाळलेली असते. साध्या पाण्यात भिजवा, गरम पाणी नको. दोन, शाईचा रंग किंवा ब्रँड बदलताना पेन पाण्याने धुऊन घ्या. तीन, आणि हे आपल्या कॉलेजात फार महत्त्वाचं, ड्रॉइंगची काळी वॉटरप्रूफ शाई पेनमध्ये चुकूनही भरू नका. त्यात लाखेसारखे पदार्थ असतात, ती जिभेच्या खाचांमध्ये कायमची बसते. चार, सुट्टीवर जाताना पेन रिकामं करून धुऊन ठेवा.

एवढं करूनही लिहीत नसेल तर रविवारी सकाळी नाश्त्यानंतर मेसच्या कट्ट्यावर या. मी खोकं घेऊन बसते. पैसे नाहीत, गॅरंटीही नाही. आधी नाव लिहायला लावीन आणि हाताकडे बघेन. अजून मला त्यातलं फारसं कळत नाही, पण बघायची सवय लावून घेतेय. आणि कुणाला शिकायचं असेल तर शेजारी जागा आहे. मला येतं तेवढं सांगते. त्यापुढचं शिकायला साताऱ्याला जाऊ, काका अजून नाही म्हणत नाहीत.

हा लेख मी आजोबांच्या पेनने लिहिला आहे. ‘क्ष’ला ते अजून जरा अडतं. माझ्या रूमच्या दारावर रूममेटने स्केचपेनने कागद चिकटवलाय, ‘निब बदलून मिळेल’. ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासलेत.